न्हाणीची कडी

ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला गल्लीतलं बरंच काही घरच्यांच्या आधी कळतं. कोणाला दिवस गेलेत, कोण सासरी पोटभर जेवत नाही, कोणाच्या दंडावर बोटं उमटलीत. तोंडानं कोणी सांगत नाही, पण माप घेताना अंग सांगून टाकतं. अकोल्यात, जठारपेठेत, टेप गळ्यात अडकवून माझं आयुष्य गेलं. म्हणून बेबीताई मानकरचं दुखणं कोणत्याही डॉक्टरच्या आधी मी पाहिलं, हे मी आजही ठणकावून सांगते.

भाचीच्या लग्नासाठी तिला ब्लाऊज शिवायचा होता. मी म्हटलं, "हात वर कर, ताई." तिनं केले, आणि मी छातीचं माप घेईस्तोवर ते खाली आले. आले म्हणजे पडलेच. थंडीचे दिवस होते, तरी कपाळावर घाम. स्टुलावर बसली न म्हणाली, "थांब वो रेखा. दम घेऊ दे. हे हात काहून इतले जड झाले मायबाई?" मी खाली पाहिलं तर चपलेचा पट्टा पायात रुतलेला. चप्पल काढायला लावली, तर पट्ट्याच्या जागी खड्डा तसाच राहिला.

"निलेशले सांग, दवाखान्यात ने म्हणा," मी म्हटलं. निलेश तिचा मुलगा.

"काहून? कोणी मेलं का? नाही न? मंग."

हे तिचं पालुपद. दूध उतू जाऊ दे, गॅस संपू दे, नातू गणितात नापास होऊ दे, बेबीताईचं उत्तर ठरलेलं. "कोणी मेलं का? नाही न? मंग." त्या 'मंग'वर विषय संपायचा. समोरच्यानं पुढं काही बोललं तर ती उठून कामाला लागायची.

साठीला टेकलेली, उंचीपुरी, रुंद हाडाची बाई, आणि नाव बेबी. लग्नातलं नाव सुलोचना, पण ते फक्त आधार कार्डाला माहीत. माहेर शेंदूरजनाघाटचं, संत्र्याच्या बगीच्यातलं. आवाज असा, की ती तिच्या स्वयंपाकघरात बोलली तर मला माझ्या मशीनवर ऐकू यायचं, आणि मी पाय थांबवून इथूनच उत्तर द्यायची. मध्ये एक भिंत होती, पण ती आम्ही दोघींनी कधी मनावर घेतली नाही.

तिची चैन एकच, आंघोळ. सोनं नाही, लुगडं नाही, फिरणं नाही. सकाळचा सगळ्यांचा चहा झाला की ती न्हाणीत शिरायची, आतून कडी घालायची आणि मग जग इकडचं तिकडं झालं तरी लवकर बाहेर यायची नाही. नवरा ओरडायचा, टाकी रिकामी होते म्हणून. एकदा मीच तिला टोकलं, की बाई, इतका वेळ आत करतेस तरी काय? ती हसली नाही. म्हणाली, "लगन झालं तई घरात सोळा माणसं होती. सासू, नणदा, दीर, सालदार. मंग पोरं झाले. मंग नातवंडं. मी एकटी कुठं असतो सांग बरं? चार भिंती आन् एक कडी. माहं माहेर इतलंच राहिलं."

मला हे तेव्हा फार काही वाटलं नव्हतं. बायका बोलतातच असं.

लग्नाहून ती परत आली आणि रात्री झोपेना. आडवी झाली की जीव घाबरायचा, उशीवर उशी चढत गेली आणि शेवटी ती बसूनच झोपू लागली. मग दवाखाना. हृदय मोठं झालं आहे, रक्त पुढं ढकलायची ताकद निम्म्याहून कमी उरली आहे, असं डॉक्टरनं निलेशला सांगितलं. पाणी मोजून, मीठ जवळजवळ बंद, अंगातलं पाणी काढायला लघवीची गोळी, आणि बाकी मूठभर औषधं. घरी आली तेव्हा अंगावर ब्लाऊज असा लोंबत होता, जसा काही दुसऱ्या बाईचा घातला आहे.

आणि घरानं तिला पलंगावर ठेवलं. जीव लावूनच ठेवलं, हे मी नाकारत नाही. तिचे मालक वसंतराव, वाळका, अबोल माणूस. शेती ठेक्यानं देऊन मुलाच्या नोकरीपायी अकोल्यात आलेला. त्यांनी देवघरातली घंटी आणून तिच्या उशाशी ठेवली. पाणी पाहिजे, वाजव. उठायचं आहे, वाजव. ग्लास उचलला तरी सगळे धावायचे, "आई, ठेव, ठेव!" आणि त्याच दुपारी वसंतरावांनी पेचकस घेऊन न्हाणीची आतली कडी काढून टाकली. आत पडली तर दार कोण तोडणार, ही त्यांची भीती. भीती खोटी नव्हती.

तेव्हापासून सून, स्वाती, तिला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून आंघोळ घालायची. पोरगी चांगली होती, हात हलका होता तिचा. पण दार उघडं ठेवायचं, फक्त पडदा. पडद्यापलीकडं वसंतराव येरझाऱ्या घालत विचारायचे, "बरी हाये न? बरी हाये न?"

मी भेटायला गेले तर बेबीताई भिंतीकडं तोंड करून पडलेली. म्हणाली, "चाळीस वर्सं संसार केला, पण उजेडात नवऱ्यानं माही पाठ पाह्यली नाही. आता सारं घर पाहून राहिलं. लेकराले धुते तसं धुऊन राहिले मले." मग घंटीकडं बोट दाखवून म्हणाली, "आन् हे पाह्य. मले देव करून ठेवलं." मी हसले. ती हसली नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरनं व्यायाम सांगितला, तेव्हा वसंतराव माझ्या दुकानात येऊन तणतणले. एरवी तो माणूस दुकानाची पायरी चढत नसे. "ज्याचं हृदय कमजोर त्याले व्यायाम? डॉक्टर भैताड हाये का वो?" मी म्हटलं, भाऊजी, मला यातलं काय कळतं. पण तिची लेक वर्षा अमरावतीला राहते, आणि तिथं एका दवाखान्यात अशा हृदयाच्या लोकांचा व्यायामाचा वर्ग चालतो, हे डॉक्टरनंच सांगितलं होतं. वर्षा गाडी घेऊन आली आणि बापाला न विचारता आईला घेऊन गेली. चांगलं केलं तिनं.

अमरावतीला माझी बहीण असते. तिच्याकडं गेले तेव्हा मी तो वर्ग पाहिला. मला वाटलं होतं काही मोठी यंत्रं असतील. एक सायकल होती जागच्या जागी चालणारी, बाकी सगळ्या खुर्च्या. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. जागच्या जागी पाय उचलायचे. माणसं सगळी खंगलेली, कोणी शेतकरी, कोणी मास्तर, एक लठ्ठ सराफ. शिकवणारी तायडे मॅडम, परतवाड्याची पोरगी, माझ्या पुतणीएवढी. तिचा एक नियम होता, तो ती सगळ्यांकडून वदवून घ्यायची. व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की थांबायचं, दम घ्यायचा, पुन्हा सुरू. त्यामुळे त्या खोलीत सगळे एकदम बोलत होते, कापसाच्या बाजारासारखा गलका. बेबीताई पाय उचलता उचलता सराफाला त्याच्या सुनेबद्दल सल्ले देत होती.

मग मॅडमनं पाण्याच्या छोट्या भरलेल्या बाटल्या वजन म्हणून दिल्या. बेबीताईनं बाटलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "पाह्य रेखा, हे असं हाये. प्याचं नाही, उचलाचं." तहान तिला फार छळायची. संत्र्याची एक फोड बर्फात गोठवायची आणि चघळत बसायची, तेवढ्यावर दुपार काढायची. बगीच्यातल्या पोरीवर ही वेळ.

पहिल्या दिवशी मॅडमनं प्रत्येकाला विचारलं होतं, की तुम्हाला यातून काय करता यायला हवं? कोणी म्हणालं शेतापर्यंत जायचं आहे, सराफ म्हणाला दुकानाचा जिना. बेबीताई म्हणाली, "आंघोळ." दोघंतिघं हसले. ती म्हणाली, "माह्या हातानं. डोक्यावरून. दार लावून." मॅडम हसली नाही. तिनं सांगितलं, की हात खांद्याच्या वर नेणं हे अशा माणसाला सगळ्यात जड जातं, म्हणून ते सगळ्यात शेवटी येईल. आधी पाय. वर्षानं हे मला सांगितलं. बेबीताई स्वतः एवढंच म्हणाली, "पोट्टी मोठी हुशार हाये. माहे पाय धरले तिनं, डोकं नाही धरलं."

ती अकोल्याला परत आली तेव्हा तिला रोज चालायला सांगितलेलं होतं, बरोबर बोलणारं कोणीतरी पाहिजे होतं. बोलायला माझ्यासारखी दुसरी कुठं मिळणार? तर सकाळी मशीन लावायच्या आधी आम्ही दोघी निघायचो. आणि इथं एक गंमत. आमच्याकडं बाईमाणसानं काम नसताना रस्त्यावर चालायचं म्हणजे लोकांना उत्तर द्यावं लागतं. दर ओट्यावरून प्रश्न, "कुठं चालल्या, ताई?" व्यायामाला, असं म्हणायची तिला लाज. म्हणून ती हातात रिकामी थैली घ्यायची न म्हणायची, "चक्कीवर." चक्की मागं राहिली तरी आम्ही पुढंच चाललेल्या. एका म्हाताऱ्यानं तिला दोनदा पाहिलं न ओरडला, "ताई, चक्की तिकडं हाये!" बेबीताईनं थांबून, पूर्ण दम घेऊन त्याला सांगितलं, "मले मालूम हाये. मी चक्कीवर रागावली हाये." त्या दिवशी तिनं थैली घरी आल्यावर खुंटीला लावली आणि पुन्हा घेतली नाही.

दुसरं संकट वसंतराव. त्यांना तिला एकटीला सोडवेना. ते आमच्या मागून चालायचे, हातात लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन. तीच आंघोळीची खुर्ची. बायको थकली तर बसायला पाहिजे. पुढं आम्ही दोघी तोंड चालवत, मागं खुर्ची घेतलेला नवरा. गल्लीतली पोरं त्याला वरात म्हणायची. बेबीताई वळून खेकसायची, "लोकाईले काय दाखवून राहिले तुमी? ठेवा थे खुर्ची!" ते मुकाट्यानं दोन पावलं मागं राहायचे, पण खुर्ची सोडायचे नाहीत.

एकदा बोलता बोलता आम्ही बऱ्याच पुढं गेलो. मागं पाहिलं तर वसंतराव दिसेनात. परत फिरलो, तर ते रस्त्याच्या कडेला, लिंबाखाली, त्याच खुर्चीवर स्वतः बसलेले. चेहरा राखेसारखा. "काही नाही," म्हणाले, "चप्पल चावते." बेबीताईनं त्यांच्या पायाकडं पाहिलं, चप्पल जुनीच होती. घरी येताना खुर्ची तिनं घेतली.

त्यांनी डॉक्टरकडं जावं म्हणून ती भांडली. मी ऐकलं आहे भिंतीपलीकडून. "मले काय झालं? बिमार तू हायेस," एवढंच त्यांचं उत्तर.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा एका सकाळी बेबीताई गच्चीवर चढली. मी मागं होते, वसंतराव खाली जिन्याशी. चढता चढता ती बोलत होती, आणि बोलणं तुटलं नाही. वर पोचली आणि खाली वाकून नवऱ्याला म्हणाली, "पाह्यलं का? आता लावा माही कडी."

त्याच दिवशी त्यांनी लावली. तोच पेचकस, जुनीच कडी, पण जुनी भोकं सैल झाली होती म्हणून थोडी वर, नव्या जागी. लाकडाचा भुसा उंबऱ्यावर पडला होता तो त्यांनी स्वतः झाडला. मग ती आत गेली. कडी लागल्याचा आवाज झाला. वसंतराव पडद्याजवळ नाही थांबले, अंगणात जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "रेखाबाई, मी आता नाही इचारत तिले काही." किती वेळ ती आत होती देव जाणे. बाहेर आली ती लाल लाल होऊन. केस स्वतःच्या हातानं धुतलेले. मी म्हटलं, कसं वाटलं? "माहेरी जाऊन आली," म्हणाली.

मला वाटतं, या बाईची गोष्ट इथं संपायला पाहिजे होती. पण आपल्याला वाटून काय होतं.

मे महिन्यात, दुपारी जेवून वसंतराव झोपले ते उठले नाहीत. सगळं घर जिला जपत होतं ती जिवंत राहिली आणि मागं खुर्ची घेऊन चालणारा गेला. स्वातीची किंकाळी ऐकून मी धावले. बेबीताई त्यांच्या पायाशी बसलेली, त्यांचा तळवा हातात धरून. रडत नव्हती. माझ्याकडं पाहून म्हणाली, "चप्पल नव्हती चावत वो रेखा." मग रडली.

आणि मग ते तेरा दिवस. मला ते दिवस कोणी दाखवू नये पुन्हा.

पुढची खोली रिकामी केली, सतरंजी टाकली, आणि बेबीताईला कोपऱ्यात बसवलं. वसंतरावांची मोठी बहीण द्वारकाबाई दर्यापूरहून आली आणि घर तिच्या हातात गेलं. तिचाही भाऊ गेला होता, तिच्या दुःखाला मी नावं ठेवत नाही. पण रीत म्हणजे रीत. जेवढ्या बायका येतील तेवढ्यांच्या गळ्यात पडून विधवेनं रडायचं. एक घोळका गेला की दुसरा. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत बसून. मागच्या माणसाचं रडणं ओसरलं की पुढच्याचं सुरू. आलेले डबे शेजारपाजारचे, त्यात मीठ सगळ्यांच्या चवीचं. इतक्या गर्दीत एकीसाठी वेगळं कोण शिजवणार, आणि तिनं ते मागणार कसं?

तिसऱ्या पहाटे ती उठून अंगणात चालायला लागली. दोन फेऱ्या झाल्या असतील नसतील, द्वारकाबाई दारात येऊन उभी. "वा वो वा! माह्या भावाची राख गार नाही झाली आन् हे व्यायाम करून राहिली!" अंगणात पाव्हणे झोपले होते, ते उठून बसले. बेबीताई जागच्या जागी थांबली. मग आत जाऊन कोपऱ्यात बसली. मी मात्र बोलले. मी म्हटलं, आत्याबाई, तिला डॉक्टरनं सांगितलं आहे, ती बसून राहिली तर मरेल. द्वारकाबाई म्हणाली, "तुमी शेजारच्या. शेजारच्यासारखं राहा." निलेश आत होता. त्याला ऐकू गेलं होतं. तो बाहेर आला नाही.

मी सगळा दोष द्वारकाबाईला देत होते. पण खरी चूक मला नंतर कळली, आणि ती द्वारकाबाईची नव्हती. ती लघवीची गोळी घेतली की तिला घडीघडी उठावं लागे. संडास मागच्या अंगणात, आणि तिथं जायचं तर बाप्यांच्या बैठकीतून. नवरा गेलेली बाई सारखी सारखी उठून पुरुषांमधून चालली आहे, हे तिला कसंतरी वाटे. म्हणून तिनं गोळी घेणंच सोडलं. कोणाला सांगितलं नाही. उशाखाली गोळ्यांचं पाकीट भरलेलं सापडलं तेव्हा स्वाती डोकं आपटून घेत होती. मी विचारलं, ताई, असं काहून केलंस? ती म्हणाली, "शरम वाटली वो. उठलं की सारे पाहेत." तायडे मॅडमचा फोन येत होता वर्षाच्या मोबाईलवर, वजन वाढलं का, पाय सुजले का. वर्षानं आईला विचारलं की आई म्हणायची, "नाही." लुगड्याखाली पाय कोण पाहणार?

दहाव्या दिवशी बायकांनी तिला न्हाऊ घातलं. तशी पद्धत आहे. ती म्हणत होती, "मी घेतो माह्या हातानं, मले येते." कोणी ऐकलं नाही. चार जणी आत शिरल्या, दार सताड उघडं, आणि तांब्यावर तांब्या तिच्या डोक्यावर. मी बाहेरून पाहिलं, ती डोळे मिटून बसली होती आणि तिचे हात मांडीवर पडलेले होते. सुजलेले. माझ्या टेपला आता ते दंड माहीत नव्हते.

तेरवीचे पाव्हणे अजून जेवत होते तेव्हा तिला दवाखान्यात न्यावं लागलं.

वाचली. पण परत आली ती पूर्वीसारखी नाही आली. द्वारकाबाई गल्लीत सांगत सुटली, की व्यायामानं हिचं हृदय फाटलं. मला कोणी विचारलं तर मी सांगते, व्यायामानं नाही, बसवून ठेवलं म्हणून खचली ती. निलेशनं न्हाणीची कडी पुन्हा काढली. चौकटीला आता भोकांच्या दोन जोड्या झाल्या. मी त्याच्याशी भांडले नाही, तो बाप गमावलेला पोरगा होता आणि आई जाईल या भीतीनं अर्धा झाला होता.

मॅडम एक दिवस अमरावतीहून स्वतः आली. पुन्हा पहिल्यापासून सुरू करू, म्हणाली, आधी फक्त खुर्चीवरून उठणं. बेबीताई म्हणाली, "म्हणजे मले पुना पयलीत बसवतेस." आणि बसली पहिलीत. तिच्या मनात नव्हतं असं कोणी म्हणू नये. मीच समोर बसून बोलायची आणि ती उठायची, बसायची. पण बोलणं लवकर तुटायचं. पुढं पुढं ते सुरू व्हायच्या आधीच तुटायला लागलं. ते पालुपदही गेलं. वसंतराव गेल्यापासून 'कोणी मेलं का' तिच्या तोंडून आलं नव्हतं.

एक दिवस सकाळी तिनं भिंतीवर ठोकलं. आवाज राहिला नव्हता, म्हणून आता ती ठोकायची. मी गेले तर घरात ती एकटीच. स्वातीला तिनं मुद्दाम बाजारात पाठवलं होतं. गरम पाण्याची बादली न्हाणीत भरून ठेवलेली. म्हणाली, "आज मी आंघोळ करतो. तू दाराशी राय."

"ताई, मी आत येते न. तोंड भिंतीकडं करून बसते."

"आत नाही. बाहेर. दाराले पाठ लाव. कडी नाही न आता."

मी काय करायला पाहिजे होतं? कोणी म्हणेल, थांबवायला पाहिजे होतं. मला तसं वाटलं नाही तेव्हा, आणि आजही वाटत नाही. मी दार ओढून घेतलं आणि पाठ लावून उभी राहिले.

"बोलत राय, ताई," मी म्हटलं. "बोलणं तुटलं की थांबायचं."

"मालूम हाये मले," आतून आलं. मग एक तांब्या पाणी. "पाणी मस्त हाये." मग दुसरा. "तो निळा ब्लाऊज... ढिला कर थोडा." पाणी. "स्वातीले साडी घे म्हणा... तिचे हात... चांगले हायेत." मध्ये दम लागल्याचा आवाज मला लाकडातून ऐकू येत होता. मग ती गप्प झाली. मी "ताई?" म्हटलं. उत्तर नाही.

नेमका तेव्हाच निलेश आला, काही कागद विसरला म्हणून. मला तिथं पाहून त्याचा चेहराच उतरला. "आत कोण हाये?"

"तुझी आई."

"एकटी? काकू, सरका बाजूला."

"नाही सरकत."

"काकू, थे मरून जाईन आत!"

"मग तिच्या मनासारखं तरी मरेल," मी ओरडले. असं बोलायला नको होतं त्या पोराला, पण तोंडून गेलं ते गेलं. त्यानं माझा खांदा धरला. ढकललं असतं तर मी पडलेच असते. आणि आतून, बारीक पण स्पष्ट, आवाज आला, "काय गोंधळ हाये? कोणी मेलं का? नाही न? मंग."

निलेशचा हात सुटला. भिंतीला लाल खुर्ची टेकवलेली होती, तिच्यावर तो बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आत तांब्या पुन्हा बादलीत बुडाला. ती थांबत होती, दम घेत होती, पुन्हा ओतून घेत होती. किती वेळ गेला मला माहीत नाही. मग तिनं आतून दारावर बोटं वाजवली आणि मी बाजूला झाले.

ती दारात उभी राहिली, चौकटीला खांदा टेकवून. लुगडं नेसलेली, ब्लाऊजचे हुक स्वतः लावलेले, एक चुकीच्या घरात. ओठ निळसर. केसांतून पाणी गळत होतं. खांद्यावर पंचा होता. मी तो घ्यायला पुढं झाले तर तिनं मान हलवून नको म्हटलं. आणि मग तिनं दोन्ही हात वर उचलले, हळूहळू, डोक्याच्याही वर, आणि केस पंच्यात गुंडाळून गाठ मारली. हात खाली आले ते पडले नाहीत, तिनं ते खाली आणले. मुलाकडं पाहिलं न म्हणाली, "जाय. तुह्या हापिसले उशीर होऊन राहिला."

मी तिला स्वतःच्या पायावर उभी पाहिलेली ती शेवटची. पुढच्या आठवड्यात पहाटे ती गेली, उशांना टेकून, बसल्या बसल्या.

द्वारकाबाई आली. बाई, तिचंही तोंड या वेळी लहान झालं होतं. तिनं रीतीप्रमाणं सांगितलं, की आंघोळ अंगणात घालू, चार जणी लुगडं धरून आडोसा करतील. निलेश पहिल्यांदा बोलला. "नाही आत्याबाई. न्हाणीत. दार लावून."

द्वारकाबाई, स्वाती आणि वर्षा तिला घेऊन आत गेल्या. मलाही हाक मारली. मी म्हटलं, तुमी घाला, मी इथं थांबते.

दार ओढून घेतलं आणि पाठ लावून उभी राहिले. मागं तांब्या बादलीत बुडत होता, पाणी पडत होतं. बोलत कोणी नव्हतं.